पातं परत करण्याआधी

आदरणीय चाचा,

गिटार उघडायला दिलेलं तुमचं पातं अजून माझ्याकडेच आहे. तेलाचा हात फिरवून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवलंय. ते द्यायला यायचंच आहे, पण समोर बसून आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच हातातल्या कानशीकडे बघायला लागता आणि चहा मागवता. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण वाकलेली गिटार माळ्यावर टाकून बसलेलं माझ्यासारखं आणखी कुणीतरी असेल, त्यालाही तुमचं सांगणं कळावं. नाव लिहू नको म्हणालात, ते पाळते.

ही गिटार मी पहिल्या पगारातून घेतली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा ती माळ्यावर चढवून आम्ही घर सोडलं. पाणी माळ्यापर्यंत पोचलं नाही. पण परतल्यावर कितीतरी आठवडे भिंती ओल सोडत राहिल्या आणि ती ओल गिटारनं प्यायली. काढून बघितली तर तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे दांड्यावर चिकटवलेल्या, बोटं दाबायच्या लाकडी पट्टीपासून, बोटभर वर गेल्यासारख्या वाटत होत्या, आणि नटापासून (तारा टेकतात ती वरच्या टोकाची खाचांची पट्टी) चौथ्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या) फ्रेटबोर्ड आणि दांडा यांच्यात फट पडली होती. दांड्याच्या आत सरळपणा राखणारी लोखंडी सळी असते, ट्रस रॉड म्हणतात तिला. ती पिळायचा पेचाचा नट गंजून बसला होता. एका दुकानात तो जोर लावून फिरवला गेला आणि आटेच गेले. नवीन घ्या, याच्यावर खर्च करू नका, असं ऐकून मी ती परत घरी आणली. त्यानंतर चार वर्षं मी तिची पिशवी उघडली नाही.

आईच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीच्या घासणीतून येणारी तारेची गुंजन, उतरली नसती, तर मी मिरजेला तुमच्या वाद्यांच्या दुकानात आले नसते. तुम्ही घोडीवर, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होतात, तार छेडत होतात, पुन्हा फिरवत होतात. मी सहज गिटारचं बोलले. तुम्ही वर न बघता विचारलंत, “कशानं चिकटवलंय? कुठवर उघडलंय? कुठल्या अंगानं?” तिन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. “मग घेऊन ये.”

दुसऱ्या खेपेला गिटार आणली. तुम्ही लग्नपत्रिकेच्या कागदाची एक बारीक पट्टी कापली, फटीत सरकवली, आणि ती जिथे जिथे अडली तिथे फ्रेटबोर्डच्या कडेला पेन्सिलीनं खूण केलीत. पाच मिनिटांत उघडलेल्या सांध्याचा नकाशा तयार झाला. बाहेरून चौथ्या फ्रेटपर्यंत दिसणारी फट आतून सातव्यापर्यंत गेली होती. नुसता गोंद सोडून दाबायचं म्हटलं तर आतली धूळ आणि जुना गोंद तसाच राहणार, आणि सळी बदलायची तर फ्रेटबोर्ड पूर्ण उचलावाच लागणार. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. पट्टी माझ्या हातात देऊन मलाच बघायला लावलंत.

आणि मग म्हणालात, “मी नाही करणार. गिटार माझ्या हाताची नाही. तुझी आहे, तू उघड. मी सांगतो.”

खरं सांगते चाचा, तेव्हा वाईट वाटलं होतं. वाटलं, हेही टाळतायत. आज मला सगळ्यात जास्त आभार त्या नकाराचेच मानायचे आहेत. ज्या वाद्यावर आपला हात बसलेला नाही ते उघडायला नाही म्हणणं, आणि तरीही समोरच्याला वाऱ्यावर न सोडणं, हे मला दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळालं नव्हतं.

त्याच दिवशी तुम्ही शिसवीचा आणि तुणीचा असे लाकडाचे दोन तुकडे दिलेत. घरी जाऊन फेविकॉलनं जोड, दोन दिवस ठेव, मग इस्त्रीनं तापवून सोडव, असं सांगितलंत. मी तीन जोड्या केल्या. पहिली फाडली, कारण गोंद मऊ व्हायच्या आधीच जोर लावला. दुसरी जाळली. तिसरी सुटली, आणि सुटताना जो आवाज आला, ओली चिकटपट्टी सावकाश ओढल्यासारखा, तो कानात बसला. पुढे गिटारवर काम करताना मी त्या आवाजाचीच वाट बघत होते. तो आला की पातं पुढे, नाही आला तर पुन्हा इस्त्री.

पात्याविषयी थोडं. जुन्या हॅक्सॉ ब्लेडचे दात घासून, टोक कागदाइतकं पातळ करून तुम्ही ते बनवलं होतं. कडा धारदार नव्हत्या, गुळगुळीत होत्या. मला वाटलं होतं धार हवी. तुम्ही म्हणालात, धार लाकडात शिरते, बोथट पातं सांध्यातून चालतं. मिरजेत वाद्यं घडवायला लागले ते मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, हे लहानपणापासून ऐकून होते. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आईनं घरात साखर वाटली होती. पण धार कुठे लावायची नाही हेही त्याच घराण्याला ठाऊक असतं, हे ते पातं हातात आल्यावर कळलं.

उचलण्याआधी परत कुठे ठेवायचं ते ठरव, हे तुमचं वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलं होतं. सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला, स्वर हलला तर पडदा सरकवता येतो. गिटारचा फ्रेट खाचेत ठोकलेला. नटापासून घोडीपर्यंत तारेची लांबी माझ्या गिटारची ६४८ मिलीमीटर, त्यामुळे बारावा फ्रेट नटापासून बरोबर ३२४ वर हवा. फ्रेटबोर्ड चिकटवताना मिलीमीटरभर जरी घसरला तरी वरचे सगळे स्वर बेसूर, आणि मग काही सरकवता येत नाही. हे तुम्हाला गिटार न वाजवता कसं कळलं, असं विचारलं तर म्हणालात, “पडदा पडदाच असतो.”

म्हणून आधी पहिला आणि तेरावा फ्रेट सोल्डरिंग आयर्ननं तापवून, पकडीनं हळूच उपसून काढला. त्यांच्या रिकाम्या खाचांतून दीड मिलीमीटरची दोन भोकं फ्रेटबोर्ड पार करून दांड्यात पाडली, मधल्या सळीच्या खोबणीला चुकवून, एक डावीकडे, एक उजवीकडे. परत बसवताना त्यांत खिळे घातले की फ्रेटबोर्ड हलूच शकत नाही. आणि काम संपलं की ती भोकं फ्रेटखाली झाकली जातात. ज्याला कुणाला हे काम करायचं असेल त्यानं बाकी काही विसरलं तरी चालेल, ही दोन भोकं विसरू नयेत.

मग ती शनिवारची रात्र. नट काढला, गिटारच्या अंगावर पुठ्ठा आणि अ‍ॅल्युमिनियमचा कागद झाकला, कोरडी इस्त्री फ्रेटांवर टेकवली. फ्रेट धातूचे, ते उष्णता खाली खेचतात. फ्रेटबोर्डवरचे पांढरे ठिपके प्लास्टिकचे होते, त्यांना जपलं, तरी एक फुगला. आठव्या फ्रेटपर्यंत पातं छान चाललं. नवव्याजवळ अडलं. मी पुन्हा तापवलं, पुन्हा ढकललं, आणि तो आवाज आलाच नाही. कोरडा कट् असा आवाज आला. पात्यावर दांड्याच्या लाकडाची एक ढलपी उभी राहिली होती.

साडेदहा वाजले होते. मी फोन केला. तुम्ही झोपला होतात, आवाजावरून कळलं. तरी तुमचा पहिला शब्द होता, “पातं काढू नको. आहे तिथंच राहू दे.” मग विचारलंत, ढलपीचं टोक कुठल्या बाजूला आहे, नटाकडे की पोटाकडे. मी बघून सांगितलं. “रेषा खाली उतरतायत बेटा. तू पुढं गेलीस तर पातं दांड्यातच जाणार. आता पोटाकडनं ये.” लाकडाची रेषा जिथे पात्याच्या दिशेनं आत उतरते तिथे पातं तिच्यामागे जातं, उलट दिशेनं आलं की तीच रेषा त्याला वर ढकलते. इतकी साधी गोष्ट, पण माझे हात तेव्हा थरथरत होते आणि मला ती सुचली नसती. गिटारच्या पोटावर चिकटलेलं फ्रेटबोर्डचं शेपूट तापवून तिकडून यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास तुम्ही फोन ठेवला नाहीत. बोललातही नाही फारसं. मध्येच, “आलं का?” मी म्हणे, “नाही.” “मग थांब.”

पावणेबारा वाजता फ्रेटबोर्ड माझ्या हातात आला. फोनवर मी रडले, ते तुम्ही ऐकलंत आणि त्यावर एक शब्द बोलला नाहीत. ढलपी तिथल्या तिथे चिकटवायला सांगून झोपायला गेलात.

पुढचं काम सोपं होतं, वेळखाऊ फक्त. जुना गोंद कोमट पाण्याच्या फडक्यानं मऊ करून खरवडला. पॉलिश पेपर वापरायची तुमची मनाई होती, त्यानं कडा गोल होतात आणि सांध्याची रेघ दिसत राहते. फ्रेटबोर्ड पाण्यानं थोडा पन्हाळीसारखा वाकला, तो वर्तमानपत्रात गुंडाळून दोन सपाट फळ्यांमध्ये आठ दिवस दाबून ठेवला. नवी सळी मागवली, दोन्ही दिशांनी फिरणारी. ती खोबणीत किंचित सैल बसत होती, वाजू नये म्हणून बाजूंना कागदाच्या पट्ट्या लावल्या.

चिकटवण्याच्या रविवारी तुम्ही एसटीनं सांगलीला आलात. हातात पिशवी, पिशवीत सरसाचं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनच्या गोंदाचं, भांडं. मी बाजारातला गोंद आणून ठेवला होता, तुम्ही तो वाईट म्हणाला नाहीत. म्हणालात, तारांचा ताण रात्रंदिवस असतो, पांढरा गोंद त्याच्याखाली हळूहळू सरकतो, सरस सरकत नाही. आणि उद्या पुन्हा कुणाला उघडावं लागलं तर ऊब आणि ओल दिली की सोडतो. आमच्या घरात पुन्हा ओल आली तर? “तर पुन्हा लावायचं. तोडायला तर लागणार नाही.”

आमच्या स्वयंपाकघरात पातेल्यातल्या पाण्यात भांडं ठेवून सरस वितळला. हात बुडवला तर सोसवणार नाही इतका गरम, पण उकळी नाही, उकळला की त्याची पकड जाते. आई दारात उभी राहून वासानं नाक दाबत होती आणि हसत होती. सरस मिनिटभरात थिजायला लागतो म्हणून मी दोन्ही लाकडं इस्त्रीनं कोमट करून ठेवली. तुम्ही ब्रश फिरवला, मी फ्रेटबोर्ड ठेवला, खिळे भोकांत गेले. माझ्याकडे तीनच क्लॅम्प. तुम्ही पिशवीतून सायकलची जुनी ट्यूब काढलीत, लांब पट्टी कापलेली, आणि दांड्याला सपाट फळीसकट टोकापासून टोकापर्यंत ओढून गुंडाळलीत. सगळीकडे सारखा दाब. दोन्ही कडांनी सरसाचे बारीक मणी बाहेर आले, सलग, कुठेही खंड नाही. त्या मण्यांवरून तुम्ही बोट फिरवलंत आणि पहिल्यांदा म्हणालात, “बसलं.”

आठवडाभर मी तिला हात लावला नाही. मग फ्रेट परत ठोकले, एका पातळीत घासले, आणि तारा एकेक करून, दिवसाला थोड्या थोड्या, ताणल्या. सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास जातो. रोज सकाळी तुमची लग्नपत्रिकेची पट्टी घेऊन मी सांधा तपासत होते. ती कुठेच शिरली नाही. सळी पाव फेरा फिरवल्यावर तार दोन्ही टोकांच्या फ्रेटवर दाबून धरली की सातव्या फ्रेटवर तिच्याखाली पाव मिलीमीटरची जागा राहिली, हवी होती तेवढीच. बाराव्या फ्रेटवरचा स्वर आणि तिथलाच हलक्या स्पर्शाचा स्वर, दोन्ही एक झाले, म्हणजे फ्रेटबोर्ड जागेवर बसला होता.

त्या रविवारी निघताना मी पाकीट पुढे केलं तेव्हा तुम्ही एसटीच्या तिकिटाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. फक्त म्हणालात, वाजायला लागली की आणून ऐकव.

वाजायला लागली आहे, चाचा. आई संध्याकाळी तंबोरा घेऊन बसते तेव्हा मी शेजारी बसून तिच्या षड्जाला माझी तार लावते, आणि दोन्ही तुमच्या हातून गेलेल्या आहेत हे आम्हा दोघींनाही आठवत असतं. शुक्रवारी तुमचं दुकान बंद, म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी येतो आहोत. पातं, ट्यूब आणि गिटार घेऊन. चहा या वेळी आमच्याकडून.

तुमची,
सांगलीची बेटी