चक्कर आली म्हणजे पित्तच, हे कुणी ठरवलं?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

साहेब, मी कोल्हापुरातल्या सुभाषनगरातली. घरात तीन पिढ्यांचा कोल्हापुरी चपलांचा धंदा. परवा आमचे हे दोन महिन्यांनी पहिल्यांदा चामडं कापायची रापी घेऊन बसले. रापी चामड्यावरच्या रेघेवर न पडता अंगठ्यात शिरली. रक्त वाहतंय आणि हे मला विचारतात, "रेघा दोन दिसत्यात, खरी कुठली?" त्याच रात्री हे पत्र लिहायला बसले.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी उठले ते भिंत धरून खालीच बसले. घर फिरतंय म्हणाले. उलट्या सुरू झाल्या, चालताना उजवीकडं कलायला लागले. तासाभरात रुग्णालयात नेलं. भिंतीवर अर्धांगवायूचा फलक होता : तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळणं. ह्यांचं तोंड सरळ, हात दोन्ही वर होत होते. म्हणून पित्त! एक इंजेक्शन, चार गोळ्या, घरी जावा. एकाचे दोन दिसतायत असं मी तीनदा सांगितलं. केसपेपरवर कुणी लिहिलं नाही. तो केसपेपर मी जपून ठेवलाय.

तिसऱ्या दिवशी घोटभर पाणी पिताना लागलेला ठसका थांबेना. जीभ जड झाली. खासगीत नेलं, तिथं मान आणि डोक्यातल्या रक्तवाहिन्या दाखवणारी अँजिओग्राफी झाली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड दाखवलं तर म्हणाले, तपासणीचे पैसे आधी भरा. पाटल्या पतसंस्थेत गेल्या, त्या अजून तिथंच आहेत.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. मानेच्या मणक्यांतून दोन धमन्या वर जातात, कवटीच्या तळाशी त्यांची एक होते आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देते. तोल, नजर, गिळणं, श्वास सगळं तिच्यावर. ह्यांची उजवी धमनी एका जागी शिवणीचा दोरा जेमतेम जाईल एवढी उरली होती. पहिला झटका धोक्याची सूचना होती, साहेब. मेंदूघाताच्या, म्हणजे अर्धांगवायू ज्यातून येतो त्या झटक्याच्या, पाच रुग्णांत एकाला तरी मागच्या बाजूला झटका येतो. त्यातल्या साधारण दर चौथ्या रुग्णाची तिथली धमनी निम्मी किंवा त्याहून जास्त आवळलेली असते, आणि अशांना दुसऱ्या झटक्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांतच सगळ्यात जास्त असतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये जाड हाडांमुळं तो भाग नीट दिसत नाही. रक्ताची गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तास मिळतात. आम्ही एका तासात पोचलो होतो. एका तासात!

फलकावर तोल जाणं आणि दोन दिसणं ह्या दोन ओळी वाढवायला किती निधी लागतो? अचानक चक्कर, उलट्या आणि चालता न येणं घेऊन आलेल्या माणसाला चार पावलं चालवून बघा, डोळे तपासा, मान-डोक्याची अँजिओग्राफी त्याच दिवशी करा, मग पित्त म्हणा. आणि ती तपासणी भरती व्हायच्या आधी योजनेत धरा. एवढं लेखी दिलं तर टोकन क्रमांक मिळाला. 'आठ दिवसांत कळवतो' म्हणाले, त्याला सहा आठवडे झाले.

योजनेला नाव महात्मा फुल्यांचं. कोल्हापुरातलं तुमचं एकही भाषण शाहू महाराजांशिवाय सुरू होत नाही. त्या राजानं 1902 साली मागासांसाठी 50 टक्के जागा राखल्या, आमच्यासारख्यांना दारातून आत घेतलं. तुमच्या राज्यात आम्ही कार्ड घेऊन दारातच उभे. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी ह्या शहरानं चाळीस वर्षं मोर्चे काढले तेव्हा ऑगस्ट 2025 मध्ये ते मिळालं. वकील थांबू शकले, अशिलं थांबली. आवळलेली धमनी थांबत नाही. सगळ्यालाच मोर्चा लागत असेल तर निवडून कशाला दिलं तुम्हाला?

ह्यांना अजून पाणी चमच्यानं, हनुवटी खाली करून पाजावं लागतं. रोज दोन गोळ्या रक्त पातळ राहायला, एक कोलेस्टेरॉलची, एक बीपीची. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे, पैसे पुन्हा आधी भरायचे आहेत. त्याच्या आत माझ्या अर्जाला उत्तर द्या.

एका चप्पल कारागिराची बायको,
सुभाषनगर, कोल्हापूर