तक्ता घरातल्या प्रतीवर बेतलेला हवा

संपादक महोदय,

रमजान तोंडावर आला की ‘तीस दिवसांत कुरआन’चे तयार एक्सेल तक्ते व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. रोज २० पाने, म्हणजे दिवसातल्या पाचही नमाजांनंतर ४-४, असा त्यांचा हिशेब. हिशेबात खोट नाही, पण तो मदिनेच्या किंग फहद छापखान्यातल्या ६०४ पानी प्रतीचा आहे. आपल्याकडे घरात आणि मशिदीत बहुधा भारतीय वळणाची तेरा, पंधरा किंवा सोळा ओळींची प्रत असते. तिची पाने त्या तक्त्याशी जुळत नाहीत. चौथ्या-पाचव्या रोज्यालाच तक्ता एक आकडा दाखवतो, हातातली प्रत दुसरा, आणि तक्ता बाजूला पडतो.

बरे, पारे, म्हणजे कुरआनचे तीस भाग, तरी सगळीकडे सारखे असावेत, तर तेही नाही. आपल्या छपाईत चौथा पारा ‘लन तनालू’पासून, म्हणजे आले इमरान या सूरहच्या (अध्यायाच्या) ९२व्या आयतीपासून (वचनापासून) सुरू होतो, मदिनेच्या प्रतीत ९३व्यापासून. विसावा पारा इथे नम्लच्या ६०व्या आयतीला लागतो, तिथे ५६व्या. तेविसावा इथे यासीनच्या २२व्या, तिथे २८व्या. इंटरनेटवरून उचललेली पाऱ्यांची यादी म्हणूनच डोळे झाकून चिकटवू नये. हातातली प्रत उघडून तीसही सुरुवाती पडताळाव्यात. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे.

माझ्या मते पानांचा नाद सोडून पाव पारा हेच माप धरावे. आपल्या प्रतींत समासात रुबा (पाव), निस्फ (निम्मा), सलासा (पाऊण) अशा खुणा छापलेल्याच असतात. कोऱ्या शीटमध्ये ए स्तंभात १ ते ३० पारे लिहावेत, पुढच्या चार स्तंभांना पाव, निम्मा, पाऊण, पूर्ण अशी नावे द्यावीत. एकूण १२० चौकटी होतात. तेवढा भाग वाचला की चौकटीत १ लिहायचा आणि कंडिशनल फॉरमॅटिंगने त्याला हिरवा रंग द्यायचा. खाली एकच सूत्र पुरते: १२०मधून भरलेल्या चौकटींची बेरीज वजा करायची आणि उरलेल्या दिवसांनी भागायचे. आज किती वाचायचे, ते समोर येते.

उरलेले दिवस मोजताना मात्र महिना २९चाच धरावा. चंद्र एकोणतिसाव्या संध्याकाळी दिसला तर तिसाव्या दिवसासाठी राखलेला पारा राहून जातो. रोज चार पाव वाचले तर २९ दिवसांत ११६ होतात. कोणत्याही चार दिवशी पाचवा पाव जोडला की १२० पूर्ण. तारखाही हाताने भरू नयेत. ‘पहिला रोजा’ अशी एकच चौकट ठेवून बाकी साऱ्या तारखा तिच्यात १, २, ३ मिळवून काढाव्यात. चंद्र जाहीर झाल्यावर तेवढी एकच चौकट बदलावी लागते. आदल्या रात्री मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजेनंतर वाचलेले पहिल्या रोज्याच्या खात्यात जाते, कारण इस्लामी दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि संगणकाचा मध्यरात्री. नोंदीच्या तारखेसाठी ‘टुडे’ हे सूत्र तर मुळीच वापरू नये. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की जुन्या सगळ्या नोंदी आजच्या होऊन बसतात. कंट्रोल आणि अर्धविराम (;) एकत्र दाबले की आजची तारीख कायमची उमटते, ती वापरावी.

दिवसागणिक मागे पडलेल्या चौकटी लाल करणारे तक्तेही पाहण्यात येतात. मला ते पटत नाहीत. पाळीच्या दिवसांत तिलावत (कुरआनपठण) थांबते. तो काही चुकारपणा नव्हे. वरचे भागाकाराचे सूत्र उरलेले वाचन उरलेल्या दिवसांवर आपोआप वाटून देते. थांबण्याचे दिवस आधीच माहीत असतील तर ते वजा करून भागावे, इतकेच.

मराठी भाषांतर वाचणाऱ्यांना पाव पाऱ्याच्या खुणा मिळतीलच असे नाही. त्यांनी आयती मोजाव्यात. इथे ठरलेला घोळ एकूण संख्येचा असतो. बोलण्यात ६६६६ हा आकडा रुळलेला आहे, पण आपल्या प्रतींतल्या क्रमांकांची बेरीज ६२३६ येते. ६६६६ने भागले तर शेवटची सूरह अन्-नास संपल्यावरही तक्ता ९३.५ टक्क्यांवर अडतो. बिस्मिल्लाह प्रत्येक सूरहच्या आरंभी वेगळी धरली तर ११२ जास्त भरतात. पहिल्या सूरहच्या, फातिहाच्या, बाबतीत ती सात आयतींतच मोजलेली असते आणि तौबाच्या आरंभी ती येतच नाही.

कुठवर आलो ते ‘२:५५’ असे लिहिले की शीट त्याचे दोन तास पंचावन्न मिनिटे करते, ‘२-५’ लिहिले की तारीख. सूरहचा क्रमांक एका स्तंभात आणि आयतीचा शेजारच्या स्तंभात लिहिला की हा त्रास मिटतो. मोबाइलच्या मराठी कळफलकावरून टाकलेले देवनागरी अंक काही वेळा अक्षरे समजले जातात आणि बेरजेतून गळतात. आकडा चौकटीच्या डावीकडे चिकटलेला दिसला तर तसे झाले असे समजावे.

सजदा-ए-तिलावतसाठी, म्हणजे ठरावीक आयती वाचल्यावर कपाळ टेकून करायच्या सजद्यांसाठी, १५ ओळींची वेगळी यादी ठेवावी. हनफी आणि शाफई या दोन मुस्लिम पंथांपैकी सजदे हनफींकडेही चौदा आणि शाफईंकडेही चौदाच, पण हनफी सूरह सॉदचा धरतात आणि शाफई त्याऐवजी सूरह हजमधला दुसरा. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई असल्याने घाटावरून आलेला तक्ता तिथे तसाच चालणार नाही. आपल्या प्रतींत हजच्या त्या आयतीपाशी समासात शाफईंचा उल्लेख छापलेला आढळतो. बसमध्ये किंवा लोकलमध्ये वाचताना सजदा राहून गेला तर ‘बाकी’ अशी नोंद करून ठेवता येते.

तीस जणांनी एकेक पारा घेऊन मिळून करायच्या खतमसाठी (संपूर्ण कुरआन वाचून संपवण्यासाठी) शीट सामायिक करताना, नावे भरून झाली की पाऱ्यांचा आणि नावांचा असे दोन्ही स्तंभ प्रोटेक्ट करावेत. नाहीतर कुणीतरी नावे अकारविल्हे लावायला जातो, फक्त एकच स्तंभ हलतो आणि पाचवा पारा वाचणाऱ्यासमोर एकविसावा येतो.

एक वाचक, चिपळूण