लेफ्टनंट फ्लिपर यांची उरलेली हकीकत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘पहिले कृष्णवर्णीय’ अशा याद्यांमध्ये हेन्री ओसियन फ्लिपर यांना एक ओळ मिळते: 1877 साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून उत्तीर्ण झालेले पहिले कृष्णवर्णीय. एवढंच सांगून थांबलं, की अमेरिकी लष्कराचा मोठेपणा तेवढा दिसतो. फ्लिपर यांच्यावर नंतर काय गुदरलं, ते मागेच राहतं.

जॉर्जियात 1856 साली गुलामीत जन्मलेला हा मुलगा 1873 मध्ये अकादमीत गेला. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केली, तेच हे वर्ष. अकादमीत मात्र चार वर्षं गोरे सहाध्यायी त्याच्याशी जवळजवळ बोललेच नाहीत. पुढे दहाव्या घोडदळात असताना त्यांनी फोर्ट सिलला साचलेलं पाणी काढून देणारा चर आखला. हिवतापाने जवान जायचे, तिथला हा चर आज राष्ट्रीय स्मारक आहे.

1881 साली टेक्सासच्या फोर्ट डेव्हिसमध्ये त्यांच्या ताब्यातली सरकारी रक्कम कमी भरली. गोष्ट उघड झाली तर वरिष्ठ आपल्याला ठेवणार नाहीत या धास्तीने त्यांनी ती लपवली, खोटंही बोलले. ती चूक होतीच. पण गावातल्या लोकांनी वर्गणी काढून रक्कम भरून दिली आणि लष्करी न्यायालयाने अपहाराच्या आरोपातून त्यांना मुक्त केलं. तरीही ‘अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन’ ठरवून बडतर्फीची शिक्षा झाली. ती सौम्य करावी असं खुद्द लष्कराच्या मुख्य विधी अधिकाऱ्याने सुचवलं होतं. राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी ते मानलं नाही. 30 जून 1882 रोजी नोकरी गेली. मला हे अक्षम्य वाटतं.

त्यानंतर अभियंता म्हणून त्यांनी नाव कमावलं, पण लष्करात परतण्यासाठी केलेले सारे अर्ज फेटाळले गेले. 1940 साली ते वारले, तेव्हा भावाने मृत्यूच्या दाखल्यात त्यांचा व्यवसाय ‘निवृत्त लष्करी अधिकारी’ असा लिहिला. जॉर्जियातल्या एका शिक्षकाने आणि वंशजांनी पाठपुरावा केला, म्हणून 1976 मध्ये लष्कराने बडतर्फी बदलून सन्मानपूर्वक सेवामुक्ती दिली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची माफी 1999 ची. निर्दोष असल्याचा निकाल मात्र आजतागायत लागलेला नाही.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत त्यांचं नाव येईल तेव्हा या खटल्याची हकीकतही सोबत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा