सांगोल्याला ठरलेल्या दिवशी पार्सल डबा हवा

संपादक महोदय,

सांगोल्यावरून जाणाऱ्या कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज रेल्वेमार्गाचा विषय निघाला की बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) गाडीच्या आठवणीच जास्त निघतात. पण २ फूट ६ इंची रुळांवरचा माल पुढे धाडायचा तर कुर्डुवाडीत मोठ्या गाडीत पालटावा लागे. नाशवंत फळाला ती उचल-आपट सोसत नाही. रुंदीकरणाने ही अडचण संपवली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी गेले तेही याच मार्गाने : आधी १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर, मग ५० वाघिणींतून २५ लाख. नॅरोगेजच्या आवाक्यातले हे काम नव्हते.

डाळिंबवाल्यांना या रुळांची खरी किंमत किसान रेल या शेतमालाच्या खास गाडीमुळे कळली. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला सुटली. भाड्यात निम्मी सवलत होती, पण त्याहून मोलाचे म्हणजे किमान मालाची अट नव्हती. वीस क्रेटवाला आणि ट्रकभर मालवाला, दोघांचा माल एकाच डब्यातून जाई. आज ती सोय नाही, आणि २३ टनांचा पार्सल डबा लहान बागायतदाराला एकट्याने भरत नाही.

म्हणून हंगामात आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी सांगोल्यात नियमित गाडीला एक पार्सल डबा जोडावा आणि त्यात सुट्या पेट्याही घ्याव्यात. दोन-पाच मिनिटांच्या थांब्यात २३ टन माल चढत नाही. डबा आधीपासून बाजूच्या रुळावर उभा हवा. त्यासाठी शंटिंग (इंजिनाने डबा हलवून जोडणे) करावे लागते, म्हणूनच रोज मागत नाही. दिवसा डबा तापतो, तेव्हा भरणी ऊन उतरल्यावर व्हावी आणि तोवर माल ठेवायला छत असावे. पुठ्ठ्याची पेटी ओल धरली की खालचा थर दबतो आणि फळ चेपते. लांबच्या प्रवासाला क्रेटच बरे. थप्प्या लावताना हवा खेळेल एवढी फट ठेवावी, नाहीतर मधला माल उबतो.

दुसरी गोष्ट भुयारी मार्गांची. फाटके बंद करून रुळांखालून रस्ते काढले, पण अनेक ठिकाणी त्यांचा तळ शेजारच्या ओढ्यापेक्षा खोल आहे. पाणी आपोआप निघणार कुठून? पंप बसवला तरी ऐन पावसात वीज जाते. उताराच्या तोंडाशी उंचवटा नसला तर रानातले पाणी गाळासकट आत येते आणि जाळी बुजते. मग उसाची ट्रॉली, दुधाची गाडी, शाळेची मुले सगळ्यांनाच लांबचा वळसा पडतो. दोन्ही तोंडांना उंचवटा, त्याच्या बाहेर आडवी चारी, उतारावर पत्र्याचे छत आणि पंपाला डिझेलची जोड एवढे करावे. गाळ मात्र मे महिन्यातच निघाला पाहिजे. जूनमध्ये निविदा काढून त्या पावसाळ्यात उपयोग होत नाही.

– एक डाळिंब बागायतदार, ता. सांगोला