मुनीमजी, माईकवर तुमचं नाव राहून गेलं

मुनीमजी, नमस्कार.

मागच्या रविवारी आम्ही बॅडमिंटनच्या डबल्सची फायनल काढली हे आईनं तुम्हाला सांगितलंच असेल. मॅच संपल्यावर एकानं माईक समोर धरला आणि विचारलं, तुझी शॉर्ट सर्व्हिस एवढी टाईट कशी, कोणी शिकवली, आणि मी अकॅडमीचं नाव घेतलं, सरांचं घेतलं, पार्टनरचं घेतलं, आईबाबांचं घेतलं आणि माईक पुढं निघून गेला. रात्री ट्रेनमध्ये वरच्या बर्थवर पडलो तेव्हा लक्षात आलं की जे नाव सगळ्यात आधी घ्यायचं तेच राहिलं. पोटात खड्डा पडला एकदम. तेव्हापासून नीट झोप नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहून काढतोय. नाव तुमचं आताही टाकत नाही, कारण तुम्हीच बजावलं होतं, "शेठले कयलं तं तुयंबी बंद अन् माहंबी." पण हिंगणघाटकडच्या आमच्या पट्ट्यात ज्याला समजायचं त्याला समजेल. तुमच्या नातीला सांगितलंय, ती वाचून दाखवेल.

मुनीमजी, तुमच्याकडं यायच्या आधी मी किती दारं ठोठावली ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तालुक्याला हॉल होता, पण त्यात खुर्च्या आणि मंडपाचं सामान रचलेलं, चावी ज्याच्याकडं तो माणूस आज नाही उद्या ये म्हणायचा, असं चार महिने चाललं. मग शहरात एका ठिकाणी बाबांनी तुरीचे पैसे भरून नाव टाकलं. तिथल्या सरांनी मला आठ दिवस बघितलं आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाले की डबल्स म्हणजे ज्याला सिंगल्स जमत नाही त्याचा खेळ, करिअर करायचं तर सिंगल्स खेळ. तेव्हा नुकतंच, जानेवारी २०२२ मध्ये, आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडनं दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये साईना नेहवालला हरवलं होतं, त्यामुळं जो तो आपल्या पोराला सिंगल्सलाच घालत होता, आणि मालविकाचा मलाही तेवढाच अभिमान होता. पण मला एकट्यानं खेळायला आवडतच नव्हतं, त्याला मी काय करू? ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पानं २०११ ला लंडनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ मेडल आणलं ते डबल्समध्येच ना. एवढं बोलायची हिंमत त्या दिवशी झाली नाही. आज बोलतो.

आणि तुम्ही? तुम्हाला तर शटल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. पहिल्यांदा हातात घेतलं, तळहातावर जरा वर खाली केलं, जसं कापसाचा मॉइश्चर बघता तसं, आणि म्हणाले, "एका बोंडाचा कापूस एवढाच भरते." खरंच आहे ते, पाच ग्रॅमच्या आसपास वजन असते त्याचं. सोळा पिसं आणि बुचाचा गोळा, बस. एवढी हलकी वस्तू जराशा वाऱ्यानं भरकटते, म्हणून बाहेर उघड्यावर खेळलो की सगळा अंदाज चुकत होता. तुम्ही काही विचारलं नाही, फक्त जिनिंगमधलं गाठी ठेवायचं गोडाऊन उघडून दिलं. सीझन संपला होता, रुईच्या गाठी गेलेल्या, आतमध्ये नुसता कोबा आणि वर उंच टिन. चुन्यानं चव्वेचाळीस बाय वीस फुटाचं कोर्ट मारलं आपण. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर पश्चिमेकडच्या भिंतीत वर जी फट होती ना, तिथं तुम्ही बारदान दाभणानं शिवून लावलेलं होतं. शिडीवर चढून. तुमच्या वयात!

उन्हाळ्यात पिसं तडकायची. आपल्याकडचा मे म्हणजे काय सांगायचं, हवेत ओल म्हणून नसते, चार रॅली झाल्या की शटलचा झाडू होते. मी कुठंतरी ऐकलं होतं की शटलला वाफ देतात. तर तुम्ही रोज संध्याकाळी चहाच्या गंजावर शटलचा डबा धरायचे, एक बाजू, मग दुसरी बाजू, आणि मग चहा गाळायचे. माझी शटलं चहाच्या वासाची असायची. आज आम्हाला नवे डबे मिळतात तरी मी उघडल्यावर एकदा वास घेतो.

पण मला ते सगळं नाही सांगायचं. मला ती एक संध्याकाळ सांगायची आहे.

त्याच्या आधी मेमध्ये आपण थॉमस कपची, म्हणजे देशादेशांच्या टीमच्या स्पर्धेची, फायनल गोडाऊनच्या दारात मोबाईलवर बघितली होती, आठवते? २०२२ ची, इंडोनेशियाविरुद्ध. भारताची डबल्सची जोडी, सात्त्विक आणि चिराग, पहिला गेम १८-२१ नं हरले, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवत वाचवत २३-२१ आणि तिसरा २१-१९. मी स्मॅश बघून ओरडत होतो. तुम्ही मात्र मधेच म्हणालात, "हे दोघं पॉइंट गेला तरी हातावर हात मारते, पायलं का?" मी म्हटलं हो, सगळेच मारतात. तुम्ही म्हणाले, "सगयेच नाही मारत बाबू." मला तेव्हा काही समजलं नाही.

मग पावसाळ्यात ती नागपूरची टुर्नामेंट आली. मी आणि माझा पार्टनर लहानपणापासून जोडीनं खेळत होतो. तिथं जाऊन ड्रॉ बघितला तर त्याच्या नावासमोर दुसऱ्याच पोराचं नाव. माझं कुठंच नाही. त्यांच्याकडच्या मोठ्यांनी ठरवलं होतं की त्याला शहरातला पार्टनर पाहिजे. पार्टनर बदलणं चूक नाही, या लाईनमध्ये जोड्या फुटतात, मोठमोठ्यांच्या फुटतात. आणि तो पोरगा माझ्याच वयाचा होता, त्याच्यावर माझा राग नाही. राग त्या मोठ्या माणसांवर आहे ज्यांना पंधरा दिवस आधीपासून माहीत होतं आणि एक फोन करवला नाही. सिंगल्सवाला आजारी पडला तर तो एकटा घरी राहते, पण डबल्समध्ये पार्टनर गेला की धडधाकट माणूस बॅग घेऊन कोर्टाच्या बाहेर उभा राहते. मी तसा दिवसभर उभा होतो. एकानंही विचारलं नाही की बाबा तू कोण, जेवला का.

संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. फाट्यावर उतरलो आणि घरी जायची लाज वाटली म्हणून सरळ जिनिंगवर आलो. भुरभुर पाऊस होता. तुम्ही गंजात चहा ठेवला होता. माझ्याकडं बघितलं आणि हरला का जिंकला का काही विचारलं नाही. चहा खाली उतरवला, दिवा लावला, कोपऱ्यातली ती जुनी रॅकेट घेतली, जिची ग्रिप तुम्ही सुतळीनं गुंडाळली होती, पायजमा जरा वर खोचला आणि माझ्या बाजूच्या कोर्टात येऊन उभे राहिले. माझ्या बाजूच्या, समोरच्या नाही.

मी म्हटलं मुनीमजी तुम्हाला कुठं येते खेळता. तुम्ही म्हणाले, "मले खेयता नाही येत बाप्पा, पन उभं राहता येते. टाक तू."

मी सर्व्हिस टाकली. नेटमध्ये. हात थरथरत होता. तर तुम्ही तळहात पुढं केला. मला समजलंच नाही आधी, मग समजलं की टाळी मागताय. पॉइंट गेला होता आणि तुम्ही टाळी मागत होते. परत टाकली, परत नेटमध्ये, परत तळहात. मग मी सांगितलं की शॉर्ट सर्व्हिसला पार्टनर मागं उभा राहते, तर तुम्ही चप्पल घासत दोन पावलं मागं सरकले आणि "इथं?" असं विचारलं. हो, तिथंच. तासभर तुम्ही तिथंच उभे होते, चहा गार झाला, एक शटल तुमच्याकडं आलं नाही आणि येणारही नव्हतं, कारण पलीकडं कोणीच नव्हतं. मी रडत होतो थोडा वेळ. मग रडणं थांबलं, सर्व्हिस पडायला लागली, ते कधी झालं समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्हीच नेटच्या वर सुतळी बांधली. शटल नेटची पट्टी आणि सुतळी यांच्या मधून गेलं पाहिजे. आधी वीतभर जागा, काही दिवसांनी मूठभर, आणि दिवाळी यायच्या आधी चार बोटं. मला न सांगता खाली घ्यायचे तुम्ही! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, डबल्समध्ये सर्व्हिस म्हणजे अर्धा खेळ असते. शटल रॅकेटला लागताना जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच असलं पाहिजे, २०१८ पासूनचा नियम आहे, आणि समोरचा नेटवर रॅकेट उभी करून टपून बसलेला असते, जरा वर गेलं की अंगावरच मारते. उंच मागं टाकावं तर डबल्सची मागची सर्व्हिस लाईन अडीच फूट आतमध्ये. म्हणून ती चार बोटं. मी आज जे काही दोन पैसे कमावतो ते त्या चार बोटांच्या जागेतून कमावतो.

रविवारी तिसऱ्या गेमला १९-१९ होते. सर्व्हिस माझी, डाव्या बाजूनं. पूर्ण हॉल ओरडत होता. त्याच्या आधीची सर्व्हिस मी नेटमध्ये मारलेली, आणि माझ्या पार्टनरनं काही न बोलता तळहात पुढं केला होता. तो आसामचा पोरगा, त्याला मराठी येत नाही, मला असमिया येत नाही, दोघांची हिंदी जेमतेम. पण तो मागं सरकला आणि त्याचा बूट कोर्टावर घासला गेला तो आवाज आला, आणि मुनीमजी, खरं सांगतो, मला बारदानाचा वास आला. सर्व्हिस पडली. रिटर्न वर उठला, त्यानं मारला. २०-१९. पुढचं तुम्हाला आईनं सांगितलं असेल.

लोक म्हणतात डबल्सवाले जोडी टिकवत नाहीत. सात्त्विक आंध्रातल्या अमलापुरमचा, चिराग मुंबईचा, दोघांना मलेशियाच्या टॅन किम हर सरांनी जोडलं. २०२३ ला एशियन गेम्सचं गोल्ड आणलं, मग २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या क्वार्टर फायनलला आरोन चिया आणि सोह वूई यिककडून हरले तेव्हा लोक काय काय बोलले. तुटले नाहीत ते. २०२५ ला त्याच पॅरिसमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपला त्याच जोडीला हरवलं आणि मेडल पक्कं केलं. ती मॅच बघताना मला तुमचं "सगयेच नाही मारत बाबू" समजलं. तीन वर्षं लागली समजायला.

आणि तुमच्यासारखे लोक आपल्याकडं अजून आहेत हो. सकाळच्या एसटीचे कंडक्टर काका माझा किट आपल्या सीटजवळ ठेवायचे की गर्दीत रॅकेट मोडू नये. किराणावाल्या काकूनं उधारीच्या वहीतलं आमचं पान टुर्नामेंटच्या महिन्यात कधी काढलं नाही. ह्यांना बॅडमिंटन माहीत नाही, मेडल माहीत नाही, रँकिंग माहीत नाही, पोरगं काहीतरी मनापासून करतेय एवढं दिसलं की ह्यांना पुरते. ज्यांना सगळं माहीत होतं, ज्यांच्या भिंतीवर सर्टिफिकेटं लावलेली होती, त्यांनी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

नातीनं सांगितलं की सुतळी अजून बांधलेली आहे आणि ती आणि तिची मैत्रीण शाळेतून आल्यावर तिथं खेळतात. आणि तुम्ही अजूनही मागं उभे राहता म्हणे. गुडघे दुखतात ना तुमचे? खुर्ची घेत जा, मुनीमजी.

मी दसऱ्याच्या आधी येतोय, कापूस यायच्या आत, नाहीतर गोडाऊन भरून जाईल. पार्टनरला सोबत आणतोय, त्याला ती जागा बघायची आहे. तो मासे खाणारा माणूस आहे, काकूंना सांगा घाबरू नका, पातोडीची भाजी आणि भाकर त्याला मी आधीच वर्णन करून ठेवलीय. शटलचे दोन डबे नातीसाठी आणतो. तुमच्यासाठी एक हलकी रॅकेट घेतलीय. ग्रिप मात्र लावलेली नाही, सुतळी तुमच्याकडचीच गुंडाळू. आणि दिवा लागायच्या वेळी यायचा विचार आहे, तर चहा ठेवा.

तुमचाच,
गोडाऊनवाला पोट्टा