घराला कुलूप होतं म्हणून लाईट नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गावात लाईट कधीचीच आली, वस्तीवर अजून नाही, आणि कागदावर बघाल तर दोन्हीकडं आहे. हे कसं झालं ते लिहितो, जमलं तर छापा.

गाव धारूर तालुक्यातलं. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीच्या टोळीत जातं, कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात. माझा चुलतभाऊ आणि वहिनी पण जातात. सप्टेंबर २०१७ ला सौभाग्य योजना आली, गरिबाला कनेक्शन फुकट, बाकीच्यांना ५०० रुपये, ते पण बिलातून १० हप्त्यांत. योजनेला मी नावं ठेवत नाही, देशात अडीच कोटीच्या वर घरांत त्यातनं लाईट गेली. पण आमच्याकडं विचारायला माणसं आली ती ऐन हंगामात! वस्तीवरच्या सहा घरांपैकी पाचाला कुलूप, सहाव्यात एक म्हातारी, तिला ऐकू कमी येतं. टोळी परत आली तोवर यादी बंद. ऑफिसात गेलो तर साहेब म्हणले, तुमचं गाव तर शंभर टक्के झालंय.

हे असले हिशोब जुनेच आहेत म्हणा. २००४ च्या व्याख्येप्रमाणे शाळा, पंचायत असल्या जागी आणि गावातल्या १० टक्के घरांत लाईट गेली की अख्खं गाव विद्युतीकृत. एप्रिल २०१८ ला मणिपूरचं लेइसांग जोडलं आणि देशातलं शेवटचं गाव झालं असं जाहीर झालं, तेव्हा आम्ही पारावर टीव्हीवर ती बातमी बघितली आणि भाऊ बॅटरी घेऊन अंधारातनं वस्तीवर गेला.

मग वस्तीवर अजिबातच उजेड नाही का, तर तसंही नाही. ओढ्याच्या अलीकडं शेतीची डीपी (ट्रान्सफॉर्मर) आहे, तिथल्या मोटारीच्या पेटीतनं वायर ओढलीय, दोन बांबू आणि एका बाभळीवरनं, जॉइंटला दुधाच्या पिशव्या गुंडाळलेल्या. मागच्या पावसाळ्यात बाभळीखाली शेळी चिकटून मेली. हा आकडाच आहे, म्हणजे चोरीची लाईट, मी काही झाकत नाही, पण रीतसर मागितलं तर म्हणतात पंधरा खांब लागतील. आणि लाईन शेतीची असल्यामुळं थ्री फेज, म्हणजे मोटारी चालायची लाईट, आठच तास, कधी दिवसा कधी रात्री. बाकी वेळात सिंगल फेज, म्हणजे घरापुरती लाईट, येतं तेव्हा रानातले लोक कन्डेन्सर लावून मोटारी ओढतात, मग वस्तीवर पंखा नुसता हलतो आणि मिक्सर घुंई करून गप्प बसतो. पुतणी यंदा दहावीला आहे. मोबाईल गावातल्या दुकानात चार्ज करून आणते आणि त्याच्याच बॅटरीवर अभ्यास.

केनियात पण हाच घोळ होता म्हणे, डोक्यावरनं तार जाते आणि खालच्या घरात अंधार. तिथं २०१५ ला सरकारनं डीपीपासून ६०० मीटरच्या आतली घरं धरली आणि कनेक्शनची फी ३५ हजार शिलिंगवरनं १५ हजारावर आणली. म्हणजे मोजायला सुरुवात डीपीपासनं, गावाच्या पाटीपासनं नाही. आपल्याकडं गावठाण सोडलं की माणूस हिशोबातच नाही, जणू रानात फक्त मोटारीच राहतात.

आता नवीन भानगड. मागेल त्याला सौर पंप चालू आहे, शेतकऱ्याला फारतर १० टक्के भरायचे, दिवसा पाणी मिळतं, रात्रीचं दारं धरायला जायची कटकट गेली, झकास काम आहे. पण आजवर वस्त्यांना जी काही लाईट मिळाली ती शेतीच्या लाईनच्या मागं मागंच मिळाली ना. विहिरीवर सोलर बसलं की तिकडं खांब जायचं कारणच संपलं. मग घराचं काय? पंपाच्या सोलरवर घरात फारतर एक-दोन बल्ब पेटतील, सगळं घर नाही चालायचं. ह्याच्यावर कुणी बोलायलाच तयार नाही.

आमचं मागणं एवढंच आहे की वस्त्यांसाठी सिंगल फेजची वेगळी छोटी डीपी द्या, गावठाणाच्या फीडरवरनं, म्हणजे गावातल्या घरांच्या लाईनवरनं, आणि मोजायला याल तेव्हा टोळ्या घरी असताना या. अक्षय तृतीयेपासून दसऱ्यापर्यंत सगळे इथंच असतात. वस्तीवर गाडीवाट आहे, ओढा ओलांडला की उजव्या हाताला चिंच लागते, तिथनं आवाज दिला तरी कुणीतरी बाहेर येईल.

— एक वाचक, ता. धारूर, जि. बीड