काकांच्या पुस्तकाचा फॉन्ट

ठाणे, रविवार रात्र

प्रिय मंदार,

तुझा मेल मिळाला आणि झिप फाइल पण नीट उघडली. काकांच्या बीजगणिताची दुसरी आवृत्ती काढतोयस हे वाचून फार बरं वाटलं रे. आपल्या वर्गातल्या कितीतरी पोरांना द्विपद प्रमेय त्या पुस्तकातूनच समजलं, काका ज्या क्रमाने उदाहरणं चढवत नेतात तसं मला नंतर इंजिनिअरिंगला पण कुठे सापडलं नाही, त्यामुळे हे काम नीटच व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा लांब लिहितोय, निवांत वाच.

तू विचारलंयस की पेजमेकरमधे (पानं जुळवायचं ते जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर) वापरलेला तो जुना मराठी फॉन्ट लाटेकसाठी, म्हणजे गणिताची पुस्तकं ज्यात जुळवतात त्या सॉफ्टवेअरसाठी, कन्व्हर्ट करता येईल का. सरळ सांगतो, फॉन्टची फाइल कन्व्हर्ट होईल, एका संध्याकाळचं काम आहे, पण त्या वाटेने जाऊ नकोस. मजकूर कन्व्हर्ट करायचा आणि फॉन्ट नवा घ्यायचा. का ते सांगतो, म्हणजे तुला पटलं तरच करू.

टेक, म्हणजे लाटेकच्या पोटातलं मूळ जुळणीचं सॉफ्टवेअर, ज्यांनी लिहिलं त्या डोनाल्ड क्नुथची गोष्ट तुझ्यासारखीच आहे, १९७७ मधे त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची दुसरी आवृत्ती निघत होती, पहिली शिशाच्या खिळ्यांवर छापलेली आणि दुसरीची प्रुफं आली ती फोटोटाइपसेटिंगची (खिळ्यांऐवजी फोटोने अक्षरं उमटवायची पद्धत), ती त्यांना इतकी खटकली की त्यांनी स्वतःच जुळणीची सिस्टिम लिहायला घेतली. त्या सिस्टिमचा मूळ मुद्दा असा की टेकला अक्षराचा आकार दिसतच नाही. त्याला दिसते फक्त एक पेटी: किती रुंद, किती उंच, रेघेखाली किती उतरते, आणि शेजारी अमुक अक्षर आलं तर किती जवळ सरकायचं. हे सगळं टीएफएम नावाच्या छोट्या फाइलीत असतं. ओळ कुठे तोडायची, परिच्छेद कसा बसवायचा हे सगळं टेक या आकड्यांवर ठरवतं, आणि खरा आकार शेवटी पीडीएफ तयार होताना त्या पेट्यांमधे भरला जातो.

म्हणजे फॉन्ट टेकसाठी कन्व्हर्ट करणं म्हणजे मुख्यतः त्याची मापं काढून टीएफएम बनवणं. इंग्रजीसाठी हे वर्षानुवर्षं चाललंय. फॉन्टच्या प्रत्येक फॉरमॅटला वेगळा प्रोग्रॅम आहे: ओपनटाइप असेल तर एडी कोहलरचं ओटीएफटूटीएफएम, ट्रूटाइप असेल तर टीटीएफटूटीएफएम, जुना पोस्टस्क्रिप्ट टाइप वन असेल तर त्याच्या मापांच्या एएफएम फाइलीवरून फॉन्टइन्स्ट. मग एन्कोडिंगची फाइल (कितव्या क्रमांकाला कुठलं अक्षर), मग मॅप फाइलीत एक ओळ (टेकमधलं हे नाव म्हणजे डिस्कवरची ही फॉन्ट फाइल), मग लाटेकला साधा, ठळक, तिरका कुठला ते सांगणारी एफडी फाइल, मग सगळं ठरलेल्या फोल्डरमधे टाकून टेक्सहॅश आणि अपडमॅप या कमांड चालवायच्या. फाइलींची नावं पण आठ अक्षरात बसवायची पद्धत होती, डॉसच्या काळातली, म्हणून अडोबीचा टाइम्स हा तिकडे पीटीएमआर८टी होतो. पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं पण प्रत्येक अक्षराला अर्थ आहे.

आता अडचण. टीएफएममधे जागा असते फक्त २५६ अक्षरांना. आणि वेगवेगळ्या उंच्या किती ठेवता येतात माहितीये, शून्य धरून १६! त्यापेक्षा जास्त झाल्या तर जवळजवळच्या उंच्या एकत्र केल्या जातात. इंग्रजीला हे पुरतं, युरोपातल्या ॲक्सेंटवाल्या भाषांसाठी १९९० मधे आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात बसून लोकांनी २५६ घरांचा एक तक्ता ठरवला तो आजही चालतो. पण देवनागरीची जोडाक्षरं, वेलांट्या, उकार, रफार, रफार-अनुस्वार एकत्र, हे धरायला गेलं की २५६ घरं कमी पडतात.

आपल्याकडच्या जुन्या फॉन्टांनी यावर तोड काढली होती ती म्हणजे अक्षराचे तुकडे करायचे. काकांच्या फाइलीत ‘ग’ हे एक अक्षर नाहीये, अर्धा ग एका घरात आणि काना दुसऱ्या घरात, दोन्ही लागोपाठ टाइप केले की ग दिसतो. आणि ही घरं म्हणजे इंग्रजी अक्षरांचीच घरं, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ते पुस्तक मराठीत नाहीचे, इंग्रजी अक्षरांची विचित्र रांग आहे आणि तिला मराठी कपडे फक्त त्या एका फॉन्टनं चढवलेत. हा फॉन्ट टीएफएम बनवून लाटेकमधे नेलास तर पान छापून येईल रे, पण पीडीएफमधे ‘समीकरण’ शोधलं तर सापडणार नाही, कॉपी केलं तर कचरा येईल, अनुक्रमणिका आणि शब्दसूची अकारविल्हे लावता येणार नाही, शब्द ओळीच्या शेवटी तोडायचे नियम लागणार नाहीत. आंधळ्या मुलाने स्क्रीन रीडर लावून ते पुस्तक ऐकायचं म्हटलं तर त्याला एक शब्द कळणार नाही. काकांचं पुस्तक पुढची तीस वर्षं टिकायला पाहिजे असेल तर हे चालणार नाही.

अजून एक गोष्ट, जी इंग्रजीवाल्यांना कधी भेडसावत नाही: शिरोरेघ. ट्रूटाइप फॉन्ट बहुतेक वेळा २०४८ एककांच्या चौकटीत काढलेला असतो आणि टाइप वन १००० च्या. ट्रूटाइपच्या वक्ररेषा टाइप वनच्या वक्ररेषांमधे गणिताने तंतोतंत बसतात, तो प्रश्न नाही, पण २०४८ चे १००० करताना प्रत्येक बिंदू आणि प्रत्येक रुंदी पूर्णांकात आणावी लागते. इंग्रजीत अर्धं एकक इकडे तिकडे झालं तर कुणाला कळत नाही. आपल्याकडे दोन अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकीत घुसलेल्या असल्या तरच सलग दिसतात, तिथे जरा कमी पडलं की बारीक फट, आणि उंचीत फरक पडला की पायरी. कागदावर एकवेळ लक्षात येणार नाही पण स्क्रीनवर मोठं करून बघितलं की प्रत्येक शब्द तुटलेला. मी तुझा फॉन्ट फॉन्टफोर्जमधे (फॉन्ट उघडून बदलायचं सॉफ्टवेअर) उघडून बघितला तर त्यात मुळातच शिरोरेघेचा ओव्हरलॅप फार थोडा दिलाय, तो कन्व्हर्ट करून सुधारणार नाही, बिघडेलच.

लोकांनी टेकमधे देवनागरी आधी कशी केली ते पण सांगतो कारण मला ते फार आवडतं. १९९१ मधे नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी मेटाफॉन्टमधे (टेकच्या जोडीचा, फॉन्ट आखायचा क्नुथचाच प्रोग्रॅम) देवनागरी काढली आणि सोबत एक वेगळा प्रोग्रॅम दिला. आपण रोमन अक्षरात मजकूर लिहायचा, तो प्रोग्रॅम जोडाक्षरं जुळवून, पहिली वेलांटी अलीकडे आणून टेकसाठी फाइल तयार करायचा, मग टेक. टीएफएममधले नियम इंग्रजी f आणि i शेजारी आले की त्यांचं एक अक्षर करणं अशी जोडणी करतात, लांबचं अक्षर उचलून संपूर्ण जोडाक्षराच्या अलीकडे ठेवणं हे त्यांचं काम नाही, म्हणून ते टेकच्या बाहेर करावं लागलं. अजूनही ते पॅकेज मिळतं.

मग २००४ मधे जोनाथन क्यू यांचं झीटेक, म्हणजे टेकचंच नवं रूप, आलं, आधी फक्त मॅकवर, आणि सगळं बदललं. ते युनिकोड (सगळ्या लिपींच्या अक्षरांना आपापला क्रमांक देणारी पद्धत) मजकूर घेतं आणि ओपनटाइप फॉन्ट जसाच्या तसा वापरतं, टीएफएम नाही, मॅप नाही, २५६ ची भिंत नाही. जोडाक्षरं कशी जुळवायची ते फॉन्टमधेच लिहिलेलं असतं आणि हार्फबझ नावाची लायब्ररी ते वाचून करते. आता लुआलाटेकमधे (लाटेकचाच आणखी एक प्रकार) पण हार्फबझ आहे. म्हणजे तू जे कन्व्हर्जन मागतोयस त्याची गरजच मराठीसाठी संपलीये. फक्त एक लक्षात ठेव, फॉन्टस्पेक या पॅकेजमधे फॉन्ट सांगताना स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी हे दोन्ही लिहायचंच. स्क्रिप्ट विसरलास तर वेलांट्या भलतीकडे जातात, आणि लँग्वेज विसरलास तर फॉन्टमधे मराठी ल आणि श असूनसुद्धा हिंदी वळणाचे येतात. काकांच्या पुस्तकात हिंदी वळणाचा ल मला बघवणार नाही.

फॉन्ट म्हणशील तर शोभिका बघ, आयआयटी मुंबईचा, टेक लाइव्हमधे (टेकचा तयार संच) आधीच येतो, लायसन्स मोकळं आहे, ठळक पण आहे. मुक्ता पण चांगला आहे पण त्याचं वळण आधुनिक, मथळ्यांना छान, पाठ्यपुस्तकाच्या मजकुराला मी शोभिकाच घेईन. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेव, ११ पॉइंटाला निदान १६ तरी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांना लागतात.

आता खरं काम, मजकुराचं. तुझ्या मामेभावाच्या डीटीपीच्या दुकानात पेजमेकर अजून चालतं म्हणालास ना, त्याला प्रत्येक प्रकरण साध्या टेक्स्टमधे एक्स्पोर्ट करायला सांग, आणि त्याला बजावून सांग की ती फाइल वर्डमधे उघडून सेव्ह करायची नाही. वर्डमधे काही दुरुस्त करायला गेलं की ते सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वाकडी करू शकतं, आणि या फॉन्टमधे त्या दोन्ही घरांत वेगवेगळे मराठी तुकडे बसलेत, एकदा बदललं की कुठलं मूळचं होतं ते कळायला मार्ग नाही.

पुढचं मी करतो. फॉन्टमधल्या सगळ्या घरांचा तक्ता मी काढायला घेतलाय, कुठल्या घरात कुठला तुकडा. हा तक्ता प्रत्येक फॉन्टचा वेगळा असतो त्यामुळे नेटवरचा तयार कन्व्हर्टर आपल्याला उपयोगी पडेलच असं नाही. पण नुसतं घराला घर बदलून भागत नाही, क्रम पण बदलावा लागतो. ‘स्थिती’ मधे जुन्या फाइलीत आधी पहिली वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमधे वेलांटी थ च्या नंतर, म्हणजे ती सगळं जोडाक्षर ओलांडून न्यायची. ‘वर्ग’ मधे उलट, रफार फाइलीत ग च्या नंतर आहे तो ग च्या आधी आणायचा, आणि ‘मूर्ती’ सारख्या शब्दात तर वेलांटी पण मधे येते. आणि ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ मधला ऱ्या, बीजगणितात पानोपानी येणार, दुसऱ्या पदाचा सहगुणक वगैरे, तो रफारापासून वेगळा ओळखावा लागतो. हे नियम एका छोट्या प्रोग्रॅममधे घालता येतात, पण नंतर छापील पुस्तक शेजारी ठेवून माणसानेच वाचायला पाहिजे, त्याला पर्याय नाही. काकू वाचतील का? काकांचं मूळ हस्तलिखित त्यांनीच सुवाच्य करून दिलं होतं ना, त्यांच्याइतकं बारकाईने कोण वाचणार.

समीकरणं मात्र परत टाइप करावी लागतील, पेजमेकरमधली ती चित्रं आहेत किंवा तुकडे हाताने जुळवलेत. हे तू कर, तुला लाटेक येतं आणि गणितही येतं. इथे पण फॉन्ट कन्व्हर्ट करायचा विचार मनात आणू नकोस, कारण गणिताच्या फॉन्टला टेक नुसत्या रुंदी-उंचीवर सोडत नाही, घातांक किती वर, छेद किती खाली, अपूर्णांकाची रेघ कुठे, अशी निदान २२ मापं चिन्हांच्या फॉन्टकडून आणि १३ मोठ्या कंस-मुळांच्या फॉन्टकडून मागतं, साध्या फॉन्टमधे ती नसतात. लॅटिन मॉडर्न मॅथ किंवा स्टिक्स टू मॅथ घे, त्यात सगळं आहे, आणि शोभिकाच्या शेजारी स्टिक्स जास्त शोभतो असं माझं मत.

राहिला मुखपृष्ठाचा आणि प्रकरणांच्या मथळ्यांचा प्रश्न, काकांना ते जुनं वळण आवडायचं असं तू लिहिलंयस. मथळ्यांपुरता तो ट्रूटाइप फॉन्ट झीलाटेक (झीटेकवर चालणारं लाटेक) थेट उघडू शकेल, जुन्याच कोडात ते मोजके शब्द लिहायचे आणि पीडीएफच्या बुकमार्कसाठी युनिकोड मजकूर वेगळा द्यायचा. पण आधी त्याचं लायसन्स शोध. पुष्कळ विकत घेतलेल्या फॉन्टांच्या लायसन्समधे बदल करायला किंवा दुसऱ्या फॉरमॅटमधे न्यायला मनाई असते, आणि पीडीएफमधे एम्बेड करायची, म्हणजे फॉन्ट त्या फाइलीतच घालायची, परवानगी आहे का ते फॉन्टच्या आतच एका आकड्यात लिहिलेलं असतं, तो आकडा २ असेल तर परवानगी नाही. तुझ्या फाइलीत तो आकडा मी उद्या बघून कळवतो. विकत घेतल्याची पावती त्या दुकानात कुठे सापडली तर उत्तमच.

तर आत्ता एवढंच कर, पहिल्या प्रकरणाचा एक्स्पोर्ट केलेला टेक्स्ट आणि त्याच पानांचे छापील पुस्तकातले फोटो पाठव, फोटो उजेडात काढ म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ स्पष्ट दिसेल. तक्ता त्यावर चालवून बघू आणि मग बाकीची प्रकरणं घेऊ. पुढच्या महिन्यात मी कराडला येतोय, तेव्हा पहिल्या प्रकरणाचा प्रिंट घेऊन येईन.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभिजीत